सहाचा उंचवटा

५ जानेवारी, सोमवार

लागली! नोकरी लागली! तीनच महिन्यांची आहे, पण लागली. एकशे चौदा पायऱ्या पळत चढलो आणि घरी पोचल्यावर तोंडातून शब्द फुटेना. आईला वाटलं, कुणी मागे लागलंय.

काम असं. मॅडम भूकंपाचा अभ्यास करतात. त्या म्हणाल्या, आपलं शहर म्हणजे एक वाडगा आहे. कडेने खडकाच्या टेकड्या, मध्ये सपाटी, आणि सपाटीखाली हजारो वर्षांपूर्वीच्या तळ्याचा गाळ. भूकंप आला की खडक हलतो त्याच्या कितीतरी पट गाळ हलतो. कुठे किती, हे आधीच मोजून ठेवायचं. बेचाळीस ठिकाणी. मी पेटी उचलायची, जमिनीवर नीट बसवायची, फॉर्म भरायचा.

मॅडमनी माझा अर्ज दोनदा वाचला. "शिक्षण नववी? माझ्या हाताखालच्या पदवीधरांपेक्षा तुझं शुद्धलेखन बरं आहे." हे वाक्य इथे लिहून ठेवतो. हरवायला नको.

दादा म्हणाला, "माती ऐकायला पगार? मास्तर, चंगळ आहे तुझी!" माझं अक्षर बरं म्हणून तो मला मास्तर म्हणतो. चिडवायला.

६ जानेवारी, मंगळवार

पेटी आज घरी! सरावाला. पितळी डब्याएवढी आहे, खाली तीन अणकुचीदार पाय, वर काचेत एक बुडबुडा. बुडबुडा बरोबर मध्यावर आणायचा आणि मग अर्धा तास कुणी जवळ फिरायचं नाही. जमीन कधीच गप्प नसते म्हणे. रहदारी, वारा, लांबचा समुद्र — सगळ्यांनी ती सतत बारीक थरथरत असते. आपल्याला कळत नाही, पेटीला कळतं.

अंगणात लावली. फॉर्म भरला — क्रमांक शून्य, कारण हा सराव. फॉर्ममध्ये शेवटचा रकाना आहे: 'जुन्या माणसांची आठवण' — या जागी पूर्वी काय होतं ते विचारून लिहायचं. तो सोडला. आमचंच तर घर! टेकडीच्या पोटात, खाली दोन खोल्या, वर एक. काय विचारायचं?

अर्धा तास पेटीशेजारी दगडावर बसून होतो. बुडबुड्यावरून नजर हलवली नाही.

७ जानेवारी, बुधवार

मेलो!

मॅडमनी कालची नोंद संगणकावर उघडली. रेघ सरळ, सरळ, आणि एके ठिकाणी हा एवढा उंचवटा. "सेकंदाला सहा हेलकावे," मॅडम पुटपुटल्या. "टेकडीवर? खडक असा बोलत नाही. जवळ एखादं यंत्र चालू होतं का?"

मी म्हटलं, नाही. तेवढ्यात ड्रायव्हरकाकांनी टेबलाखाली वाकून बघितलं.

"मॅडम, यंत्र सापडलं. याचा पाय बघा!"

माझा उजवा पाय. टाच वर, टाच खाली, थांबतच नाही. नववीच्या परीक्षेपासूनची सवय. मॅडमनी घड्याळ लावून मोजलं — सेकंदाला साडेपाच-सहा! हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कागदावर पेन्सिलने त्या उंचवट्याला गोल केला आणि वर लिहिलं: 'पाय!' नोंद रद्द.

काकांनी मला 'सहाचं यंत्र' नाव ठेवलं. लाजेने कान तापले होते, पण खरं सांगायचं तर मजा वाटली. माझ्या पायाचा आलेख निघाला! आतापर्यंत किती जणांच्या पायाचा निघाला असेल?

आता नियम: पेटीपासून पंधरा पावलं लांब बसायचं.

९ जानेवारी, शुक्रवार

पाच ठिकाणं झाली. गाळात उंचवटे खरेखुरे येतात. माझा पाय पंधरा पावलं लांब असतो.

वारंवारिता. शब्दकोशात बघून लिहिला. 'रि' ऱ्हस्व.

१२ जानेवारी, सोमवार

आज गाडीत मॅडमना विचारलं, गाळ जास्त का हलतो? त्यांनी काकांनाच कामाला लावलं. "काका, पक्क्या रस्त्यावरून भरधाव गाड्या येतायत आणि पुढे एकदम चिखल लागला तर?"

"पुढची अडकणार, मागची तिच्यावर चढणार."

"तसंच. खडकातून लाट वेगाने येते, गाळात तिचा वेग मरतो, मग ती उंच होते. पुन्हा वाडग्याच्या कडांवर आपटून मागे येते. बाहेर जाऊच शकत नाही. म्हणून खडकावर धक्का संपला तरी गाळ हलतच राहतो."

मग मला म्हणाल्या, "पाण्याची बादली घेऊन कधी जिना चढलायस?"

मी! एकशे चौदा पायऱ्या, नळ गेला की रोज दोन बादल्या! चालीचा आणि पाण्याचा मेळ बसला की पाणी उसळून पायावर येतं. हळू चाललं तर नाही, पळालं तरी नाही. एका ठरावीक चालीलाच.

"झालं तर मग," मॅडम म्हणाल्या. "गाळ जाड असेल तर त्याची चाल संथ, पातळ असेल तर भरभर. इमारतींचंही तसंच. ढोबळ हिशेब — एका मजल्याला सेकंदाचा दहावा भाग. दहा मजली इमारत एका सेकंदात एकदा झुलते. बुटकं घर भरभर. गाळाची आणि इमारतीची चाल जुळली की..."

"उसळलं!" मी ओरडलो. काकांनी दचकून ब्रेक मारला.

दिवसभर डोळ्यांपुढे सगळं शहर झुलतंय. प्रत्येक इमारतीचे मजले मोजतोय. सिग्नलला एका बाईंनी विचारलं, वर काय बघतोस? म्हटलं, पॉईंट आठ.

१४ जानेवारी, बुधवार

लोकांना पेटी म्हणजे काय काय वाटते! आज एक आजोबा म्हणाले, "पेट्रोल लागलं तर आधी मला सांग." एका आजींनी आठवणीच्या रकान्यासाठी एवढं सांगितलं की पाठकोरं पान भरलं. त्यांच्या दारात बोरू उगवायचा, बदकं यायची, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. आता तिथे बँक आहे. मॅडम म्हणतात, एक आजी म्हणजे दहा खड्डे खणल्यासारखं.

१७ जानेवारी, शनिवार

घरी नुसती गडबड. दादाला १ फेब्रुवारीला नव्या घराची किल्ली मिळणार. सपाटीवर, सात मजली इमारतीत सातवा मजला, लिफ्ट! वहिनींना सातवा महिना. सकाळी त्या निम्म्या पायऱ्यांवर कठडा धरून बसल्या होत्या, मी पिशवी घेतली. म्हणाल्या, "भाऊजी, एकदा लिफ्टमध्ये बसले ना, की मी दिवसभर खालीवर करणार. उगीचच."

दादा वायरमन आहे. त्याने नव्या घराच्या दिव्यांचा नकाशासुद्धा काढलाय. पाळण्यावर एक मंद दिवा. तो नकाशा खिशात घेऊन हिंडतो.

आनंदात मीही होतो. मग जेवताना एकदम लक्षात आलं — सात मजले. पॉईंट सात.

पाय हलायला लागला. ताट वाजलं. आईने गुडघ्यावर हात ठेवला.

२० जानेवारी, मंगळवार

ठिकाण क्रमांक एकोणतीस: दादाच्या इमारतीचं फाटक. यादीत होतंच, मी काही केलं नाही.

उंचवटा — सेकंदाला एक पूर्णांक चार. म्हणजे एक हेलकावा पॉईंट सातला. मॅडम म्हणाल्या, इथे गाळ सत्तावीस-अठ्ठावीस मीटर असणार.

मी म्हटलं, "मॅडम, माझा पाय असेल."

"तुझा पाय सहाचा आहे रे. हा दीडचासुद्धा नाही."

"तरी पुन्हा करू या? एकदाच?"

मग म्हणाल्या, कर.

२१ जानेवारी, बुधवार

पहाटे गेलो, रहदारी नसताना. पन्नास पावलं लांब. टॉवेलने दोन्ही पाय बांधले आणि हातांवर बसलो. काका गाडीतून बघत होते, "अरे, तुला पळवून नेतोय असं वाटेल कुणाला!" पहारेकरी खरंच विचारायला आला.

एक पूर्णांक चार. रेघेवर रेघ.

२३ जानेवारी, शुक्रवार

दादाला सांगितलं. व्हायचं तेच झालं.

"तुला कुत्र्याची भीती, लिफ्टची भीती, परीक्षेची भीती. आता जमिनीचीही? मास्तर, मग राहतोस कुठे? हवेत?"

मी आलेख दाखवला. "हे काय आहे? सापाची पाठ?"

मी म्हटलं, सात मजल्याला बरोबर बसतो, तीन किंवा पंधरा असते तर एवढं नसतं. दादा म्हणाला, "म्हणजे आणखी आठ मजले चढवायला सांगू?"

आई हसली. मलाही हसू आलं आणि त्याचाच राग आला. वहिनी हसल्या नाहीत.

२५ जानेवारी, रविवार

आजचा दिवस चौकटीत बसवावा असा!

वहिनींना सध्या जेलीचं वेड आहे. मोठ्या खोलगट ताटात लाल जेली केली होती — मध्ये जाड, कडेला पातळ होत गेलेली. बघतो तर काय, हाच आपला वाडगा! मी बिस्किटं आणली. जेलीच्या मधोमध उभी रचून एक उंच मनोरा, थोडं अलीकडे मध्यम, अगदी कडेला दोनच बिस्किटांचं बुटकं घर. एक मनोरा ताटाबाहेर, टेबलावर. तो खडक.

आई म्हणाली, "अन्नाशी खेळू नये."

"आई, हे शास्त्र आहे."

"शास्त्राशी खेळ. जेली तिची आहे."

मी टेबलाला हळूच धक्के देत गेलो, सावकाश, एका लयीत. सगळे उभे. लय जरा वाढवली — आणि मधला मनोरा डुलला, डुलला, आडवा! टेबलावरचा ढिम्म. आणखी भरभर केलं तर मध्यम पडला. वहिनींनी टाळी वाजवली. "मला द्या, मला!" आणि त्यांनी टेबल असं काही थडथडवलं की कडेचं बुटकं घरही पडलं.

"भाऊजी, पातळ जेलीवर बुटकं पडतं की हो!"

"पडणारच. पातळ गाळाची चाल भरभर, बुटक्या घराचीही भरभर. पण आपण कुठे जेलीवर आहोत? आपण खडकावर!" मी टेबल वाजवून दाखवलं.

दादा दारात उभा राहून सगळं बघत होता. म्हणाला, "घरं काय बिस्किटांची बांधतात?" पण तोही टेबलाशी आला. एकदा हलवून बघितलं. मग दुसऱ्यांदा. मग बराच वेळ आम्ही चौघं शहर पाडत आणि खात बसलो होतो. आईसुद्धा!

२७ जानेवारी, मंगळवार

दादा स्वतः मॅडमना भेटला. काम सोडून! मॅडमनी घाबरवलं नाही. म्हणाल्या, "इमारत पडेलच असं मी म्हणत नाही. गाळ धरून बांधली असेल तर गाळावरही छान उभी राहते. बांधणाऱ्याला एवढंच विचारा — गाळ किती खोल धरला?"

२८ जानेवारी, बुधवार

दादा विचारून आला. आला तोच ओरडत.

"कसला गाळ, म्हणाला तो! मला! पोहण्याच्या तलावाचं चित्र दाखवतो आणि विचारतो, कसला गाळ?"

पाणी प्यायला. दिव्यांचा नकाशा खिशातून काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली.

"रद्द केलं. चला."

मग वहिनी म्हणाल्या, "माझी लिफ्ट?" आणि दोघं एकदमच हसत सुटले. ते का हसले ते मला नीट कळलं नाही, पण मीही हसलो. मला सारखं वाटतंय की मी कुणाला तरी पाण्यातून ओढून काढलंय. मी! पोहायला न येणारा!

दादा जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. "तुझ्यामुळे जन्मभर एकशे चौदा पायऱ्या. लक्षात ठेव."

३१ जानेवारी, शनिवार

दादा काय माणूस आहे! लिफ्ट मिळाली नाही म्हणून त्याने लिफ्टच केली. पायऱ्यांच्या डोक्याला लोखंडी खांब, एक कप्पी, जुन्या पंपाची मोटार, दोर आणि टोपली. बटण दाबलं की भाजी वर! सगळी वस्ती बघायला जमली. पहिल्या फेरीत वहिनींच्या चपला आल्या, दुसऱ्या फेरीत एक मांजर. मांजर कुणी ठेवलं ते सांगत नाहीत.

पण ती टोपली भाजीसाठी नाहीच. विटांसाठी आहे! वरच्या खोलीशेजारी आणखी एक खोली बांधणार — बाळाची. दिव्यांचा तोच नकाशा त्याने नव्या खोलीसाठी वळवून घेतला. पाळण्यावरचा मंद दिवा जागच्या जागी.

त्याने मला बाजूला घेऊन विचारलं. चेष्टा नाही, खरंच. "मास्तर, इथे बांधायला हरकत नाही ना?"

"खडक आहे, दादा. बिनधास्त बांध."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने मला काही विचारलं. आणि मी बिनधास्त म्हणालो! हा शब्द मी आधी कधी वापरल्याचं आठवत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

बेचाळीसच्या बेचाळीस ठिकाणं पूर्ण! मॅडमनी पेढीवरच्या मुनीमजींसारखं माझं फॉर्मांचं बाड तपासलं आणि एकही चूक सापडली नाही. आणखी दोन वर्षांचं काम आहे, राहशील का, म्हणाल्या. राहशील का! काकांनी हॉर्न वाजवला.

एकच राहिलंय. आमच्या बाजूच्या टेकडीवर खडकाची स्वच्छ नोंद नाही. मॅडमनी ते पेन्सिलीचं 'पाय!'वालं पान काढलं. "शून्य क्रमांक पुन्हा कर. या वेळी पाय घरात ठेवून ये."

३ फेब्रुवारी, मंगळवार

केली! सगळ्या घराने मिळून केली.

दादाने मोटार बंद ठेवली, विटा घेऊन माणूस आला त्याला पायऱ्यांवरच बसवलं. आई खुर्चीत, हात मांडीवर. मी अंगणाच्या टोकाला, पाय टॉवेलने बांधून. दादाने स्वतः गाठ मारली, दोनदा. "भूकंप आला तर पळणार कसा?" मी म्हटलं, पळायचं नाही, नोंद खराब होते. वहिनींना विसाव्या मिनिटाला उचकी लागली. एकेक उचकी आणि सगळ्यांचे खांदे हलतायत, तोंडं दाबलेली, कुणी कुणाकडे बघायला तयार नाही. अर्धा तास संपल्याची शिट्टी वाजली तशी सगळे असे फुटले की शेजारच्या काकू धावत आल्या.

पाय एकदाही हलला नाही. दादा साक्षीदार आहे. म्हणाला, "बाळाला सांगणार मी, तुझा काका अर्धा तास गप्प बसला होता."

उद्या सकाळी पेटी मॅडमकडे.

४ फेब्रुवारी, बुधवार

सेकंदाला सहा. त्याच जागी, तेवढाच उंच. मॅडमनी जुनं पान शेजारी ठेवलं. एकावर एक बसतात. पेन्सिलीने लिहिलेलं 'पाय!' त्यांनी स्वतःच खोडलं, आणि हसल्या नाहीत.

घरी आलो. आईला विचारलं, आपलं घर व्हायच्या आधी इथे काय होतं?

"खाण होती की दगडाची. मी लग्न होऊन आले तेव्हा पाणी भरलेलं असायचं, शेळ्या यायच्या प्यायला. मग दोन वर्षं गाड्या येऊन राडारोडा टाकत होत्या. तेव्हा कुठे सपाट झालं. का रे?"

बेचाळीस घरी विचारलं. हिला नाही.

फॉर्म क्रमांक शून्य, आठवणीचा रकाना: भरला.

अंगणात तीनशे विटा रचल्यात. पायऱ्यांवर दादा येतोय. मोटार बिघडली असावी, सिमेंटचं पोतं पाठीवर घेऊन चढतोय. शीळ घालतोय.